कोळगावच्या गच्चीवरून समुद्रापार

कोळगावात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर मी पूर्वी गप्प बसत असे. पालघर-बोईसर रस्त्यावरचे हे गाव काल-परवापर्यंत भातखाचरांचे, गवताचे आणि पावसाळ्यात बेडकांचे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याची वाटणी होऊन पालघर जिल्हा जन्माला आला, आणि सरकारच्या दप्तराने कोळगावच्या माळावर मुक्काम ठोकला. सिडकोने मोठमोठ्या इमारती बांधल्या आणि २०२१ साली जिल्ह्याचे मुख्यालय तिथे सुरू झाले. आता दिवसभर इथे काखेत फायली घेतलेली माणसे भेटतात. पण संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या, की माळ पुन्हा पहिल्यासारखा होतो. वारा सुटतो. आमच्यासारखी मंडळी गच्चीवर चटई टाकतात. आणि मग कळते, की कोळगावात पाहण्यासारखे जे आहे ते जमिनीवर नाहीच. ते वर आहे.

आमच्या गच्चीवरून उत्तरेला बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचा पिवळट उजेड दिसतो. त्याच बाजूला, समुद्रकाठी, देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली उभे राहिले. पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर शिरगाव-सातपाटीचा समुद्र आहे. तो दिसत नाही, पण वारा फिरला की सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने आपली ओळख देतो. आणि डोक्यावर विमाने. काही मुंबईकडे उतरायला आलेली, काही उत्तरेला निघालेली. नकाशावर अहमदाबादपासून जुहूपर्यंत पट्टी धरून सरळ रेघ ओढा. ती पालघराच्या अगदी अंगावरून जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते याच बाजूने. विमानाला इंजिन एक आणि माणूसही एकच. ते नेमके आमच्या गावावरून गेले की नाही कोण जाणे. पण गच्चीवर बसून तसे मानायला पैसे पडत नाहीत.

ही विमाने पाहण्याचा खरा नाद माझ्या आईला. ती सातपाटीची. वय सत्तरीच्या पुढे. गुडघे कुरकुरतात, तरी जिना चढून येते आणि विमानाचा दिवा नजरेआड होईपर्यंत बघत बसते. मला वाटे, म्हातारपणचा विरंगुळा. पण गेल्या हिवाळ्यात मॉरिशसच्या मराठी मंडळींचे मला पत्र आले. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त दोन व्याख्याने द्यायला या, असे बोलावणे होते. मी हरखून जाऊन आईला सांगितले, आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"मध्ये जमीन लागते का रे?"

"नाही. बहुतेक पाणीच."

आई काही बोलली नाही. उठून खाली गेली. त्या रात्री ती नीट जेवलीही नाही.

तिच्या या गप्प बसण्यामागे एक माणूस आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तिचा थोरला भाऊ, माझा मामा. मी त्याला पाहिलेले नाही. घरात त्याचा फोटोसुद्धा नाही. साठीच्या दशकात, आईचे लग्न व्हायच्या आधी, तो शिडाच्या होडीवर खलाशी होता. एकदा होडी गेली आणि आली नाही. वादळ झाले, की होडी फुटली, की वाट चुकली, कोणालाच कळले नाही. बरोबरच्या होड्या तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागल्या. माझी आजी त्यानंतर कित्येक वर्षे दिवेलागणीला बंदरावर जाऊन उभी राहत असे. "बुडाला म्हणून कोणी सांगितलं असतं तर रडून मोकळी झाली असती," असे आई एकदाच म्हणाली होती.

तेव्हा माझ्या मॉरिशसच्या वारीला आईचा नकार नव्हता. पण होकारही नव्हता. मराठीचा प्राध्यापक या बाबतीत काय सांगणार? अलंकार सांगू शकलो असतो, इंजिन कसे सांगू? शेवटी माझा एक जुना विद्यार्थी आठवला. मुलगा बोईसरचा. मराठीत बेताचाच, पण पुढे विमानांच्या देखभालीचे शिक्षण घेऊन मुंबईला नोकरीस लागला. त्याला म्हटले, "बाबा रे, माझ्या आईची तोंडी परीक्षा आहे. उत्तरे तुला द्यायची आहेत." तो एका रविवारी आला आणि गच्चीवर मांडी घालून बसला.

आईचा पहिला प्रश्न सरळ होता. "इंजिनं किती?"

"दोन, आजी."

"त्यातलं एक बंद पडलं तर?"

"तर दुसऱ्यावर विमान जवळच्या विमानतळावर जातं."

"आणि जवळ विमानतळ नसला तर?"

इथे तो हसला. म्हणाला, "सर, ॲटलास आणा." मी मुलीचा शाळेतला ॲटलास आणला. त्याने मुंबईपासून मॉरिशसपर्यंत पट्टी धरली. अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. ही रेघ विषुववृत्ताला जिथे छेदते तिथून मालदीवचे माले आणि सेशेल्सचे माहे या दोन्ही ठिकाणांचे विमानतळ हजार ते बाराशे किलोमीटर दूर. मालदीवच्या दक्षिण टोकाचे गान थोडे जवळ, पण तेही नऊशेच्या आसपास. एका इंजिनावर विमान ताशी सातशे-आठशे किलोमीटर जाते असे धरले, तरी कुठेही पोचायला तासाहून जास्त वेळ लागणार.

"जुना कायदा असता," तो म्हणाला, "तर सरांना या रेघेवरून दोन इंजिनांच्या विमानानं जाताच आलं नसतं."

मग त्याने कायद्याची कुळकथा सांगितली. १९५३ साली अमेरिकेने असा नियम केला, की दोन इंजिनांच्या विमानाने कोणत्याही विमानतळापासून, एका इंजिनावरच्या वेगाने, साठ मिनिटांपेक्षा दूर जायचे नाही. तेव्हाची दट्ट्याची इंजिने बेभरवशाची. वाटेत एखादे बंद पडणे ही नवलाची गोष्ट नव्हती. म्हणून समुद्र ओलांडायचा तो चार इंजिनांनी. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, ते चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन होते. १९६० साली एअर इंडियाने आणलेले बोइंग ७०७ जेट, त्यालाही चारच. पुढे जेट इंजिने इतकी खात्रीची झाली, की १९८५ साली दोन इंजिनांच्या विमानांना साठऐवजी एकशेवीस मिनिटांची मोकळीक मिळाली, आणि काही वर्षांतच ती एकशेऐंशीवर गेली.

"म्हणजे सूट दिली," आई म्हणाली. तिच्या आवाजात संशय होता.

"सूट नाही, आजी, परीक्षा घेतली. ही परवानगी नुसती विमानाला मिळत नाही, चालवणाऱ्या कंपनीलाही वेगळी मिळवावी लागते. सामानाच्या कोठारात आग लागली, तर ती दाबून धरणारं औषध विमानतळ येईपर्यंत पुरून वर पंधरा मिनिटं उरलं पाहिजे. इंधन मोजायचं ते सगळं नीट चालेल असं धरून नाही. भर समुद्रात एक इंजिन गेलं, आतली हवाही गेली आणि विमानाला खाली उतरून दाट हवेतून जावं लागलं, तरी पुरेल इतकं घ्यायचं."

"आणि मुक्कामावर उतरताच आलं नाही तर?"

"मॉरिशसला ढग असले तर शेजारी रियुनियन बेट आहे. तिथवर जायचं इंधन आणि शिवाय अर्धा तास घिरट्या घालायचं. ज्या बेटाला शेजारच नाही, तिथे जाताना दोन तासांचं जास्त न्यावं लागतं."

आई पहिल्यांदाच जरा सैल झाली. "आमच्याकडे तांडेल चार दिवसांची फेरी असली तर सहा दिवसांचा तांदूळ घ्यायचा. पाण्याचं पिंप तर कोणी मोजायचंच नाही, भरेल तेवढं भरायचं."

"तोच नियम, आजी. फक्त इंग्रजीत लिहिलाय."

पण तिला सर्वांत पटलेला नियम वेगळाच होता. समुद्र ओलांडणाऱ्या विमानाच्या दोन्ही इंजिनांवर एकच काम करायचे असेल, तर ते एकाच माणसाने एकाच वेळी करायचे नाही. डावे एकाने केले तर उजवे दुसऱ्याने. याचे कारण सांगताना तो मुलगा गंभीर झाला. ५ मे १९८३ रोजी अमेरिकेत मायामीहून बहामाला निघालेल्या तीन इंजिनांच्या एका विमानात तेल तपासायचे भाग बदलले होते. त्यांत बसवायच्या रबरी चकत्या राहिल्या, आणि त्या तिन्ही इंजिनांत राहिल्या. समुद्रावर एकामागून एक तिन्ही इंजिनांचे तेल गळाले. प्रवाशांनी जाकिटे चढवली. अखेर आधी बंद केलेले एक इंजिन पुन्हा चालू झाले आणि १७२ माणसे कशीबशी मायामीला परतली. तीन इंजिने असून उपयोग काय? चूक एकच होती, आणि ती तिघांना वाटून दिली होती.

"हे बरोबर आहे," आई म्हणाली. "होडीच्या दोन्ही बाजूंच्या फटी एकाच डोळ्यानं बघायच्या नाहीत."

मग वाटेचा प्रश्न निघाला. समुद्रात खुणेला डोंगर नाही की देऊळ नाही. मामाच्या होडीवर होकायंत्र होते आणि ध्रुवाचा तारा होता. विमानांचे तरी सुरुवातीला काय वेगळे होते? कॉन्स्टेलेशनच्या काळात दिशादर्शक म्हणून एक वेगळा माणूसच बरोबर असे. तो छताच्या काचेतून ताऱ्यांचे कोन मोजून कागदावर मांडी. आज उपग्रह वाट दाखवतात, आणि विमानाचे स्वतःचे हालचाल मोजणारे यंत्र त्याचा पडताळा घेते. नियम असा, की महासागरावर जाणाऱ्या विमानात वाट सांगणाऱ्या दोन यंत्रणा हव्यात आणि त्या एकमेकींवर विसंबून नसाव्यात.

"दोघी भांडल्या तर?"

यावर तो क्षणभर थांबला. मलाही १ जानेवारी १९७८ची रात्र आठवली; अर्थात ऐकीव. 'सम्राट अशोक' हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन-तीन मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे मुख्य वैमानिकासमोरचे साधन बिघडले होते. दुसरी साधने ठीक होती. पण खाली काळे पाणी, वर काळे आकाश, क्षितिज नाही. साधनांचा पडताळा होईपर्यंत वेळ संपला. आई तेव्हा पंचविशीची होती. तिला ती बातमी आठवत होती.

"अमावास्येला समुद्रात असंच होतं," ती म्हणाली. "पाणी कुठं आणि आभाळ कुठं, कळत नाही. नवा खलाशी घाबरतो. तांडेल त्याला सांगतो, डोळे सोड, होकायंत्र बघ."

"वैमानिकालाही हेच शिकवतात," तो म्हणाला.

चहा झाला. अंधार पडला. मग आईने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ती खरे म्हणजे बसली होती.

"हाक मारली तर ऐकू कोणाला जाते?"

जमिनीजवळचा रेडिओ हा नजरेच्या टप्प्यातला. विमान कितीही उंच गेले, तरी साडेतीनशे-चारशे किलोमीटरपलीकडे तो पोचत नाही. त्यापुढे आकाशाच्या वरच्या थरांवर आदळून परतणाऱ्या लघुलहरी वापरायच्या. मुंबईचे केंद्र अरबी समुद्रावरच्या विमानांशी त्यांवरून बोलते. त्यांत इतकी खरखर, की वैमानिकाने सारखे कान लावून बसणे नको म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांची खूण दिलेली असते. जमिनीवरून त्या खुणेचे सूर वाजवले की त्याच विमानात घंटा वाजते. आता उपग्रहावरून लेखी निरोपही जातात. आणि ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाल्यावर जगाने आणखी नियम केले. महासागरावरच्या मोठ्या विमानांची जागा निदान दर पंधरा मिनिटांनी कळली पाहिजे. हे २०१८पासून लागू आहे. विमानाच्या नोंदपेटीचा पाण्याखालून हाक देणारा भोंगा पूर्वी तीस दिवस चाले, तो आता नव्वद दिवस चालावा लागतो.

"त्या विमानाचं काय झालं?"

"पंखाचा एक तुकडा २०१५मध्ये रियुनियनच्या किनाऱ्याला लागला. बाकी बहुतेक विमान अजून सापडलं नाही."

आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्या घरांतल्या बायका अजून बंदरावर उभ्या असतील."

त्या मुलाला मामाची हकीकत माहीत नव्हती. पण त्याला काहीतरी कळले असावे. त्याने आवाज उतरवून उरलेले सांगितले. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, म्हणजे ९३ किलोमीटरपलीकडे, जायचे असेल तर प्रत्येक माणसाच्या हाताशी तरंगते जाकीट हवे. मोठी विमाने दोन तासांच्या किंवा ४०० सागरी मैलांच्या पलीकडे गेली, तर सर्वांना पुरतील इतके तराफे हवेत. पुष्कळ विमानांत दारातून फुगून बाहेर पडणारी घसरगुंडीच सुटून तराफा होते. तराफ्यात जगायचे सामान असते, खुणेचे दारूकाम असते आणि उपग्रहाला हाक देणारे यंत्रही न्यावे लागते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेले विमान त्या मार्गावर हे समुद्राचे सामान न्यायला बांधलेलेच नव्हते. पण योगायोगाने ते सामान त्यात होते. सगळी १५५ माणसे वाचली. उलट, नोव्हेंबर १९९६मध्ये पळवून नेलेले इथिओपियाचे एक विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडले. तिथे कित्येकांनी जाकीट विमानाच्या आतच फुगवले, आणि पाणी भरले तेव्हा ते छताला अडकले. म्हणून जाकीट दाराबाहेर पडताना फुगवायचे. विमान सुटताना जे प्रात्यक्षिक दाखवतात आणि आपण वर्तमानपत्र उघडतो, त्यात हेच सांगत असतात.

मी त्या दिवसापर्यंत एकदाही लक्ष दिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

एक गोष्ट आईने दोनदा सांगायला लावली. ऑक्टोबर १९५६मध्ये होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाची चारांतली दोन इंजिने मध्यरात्रीनंतर गेली. परत जाता येईना, पुढेही जाता येईना. पण त्या काळी महासागरात ठरावीक जागी पहारा देणारी जहाजे ठेवलेली असत. हवामान सांगायची, विमानांना वाट दाखवायची. ते विमान तशा एका जहाजाभोवती पहाटेपर्यंत घिरट्या घालत राहिले. उजाडल्यावर जहाजाने जागा दाखवली आणि विमान पाण्यावर उतरले. एकतीसच्या एकतीस माणसे जहाजाने उचलून घेतली.

"म्हणजे कोणीतरी रात्रभर त्यांच्यासाठी दिवा लावून थांबलं होतं," आई म्हणाली. तिच्या लेखी साऱ्या नियमांचे सार यात आले होते.

मुलगा निघाला तेव्हा तिने त्याला सुकटीची पुडी बांधून दिली. रात्री मला म्हणाली, "हे सगळे नियम कोणीतरी गेल्यावर झालेत रे. आता सातपाटीच्या बोटींवरही जाकिटं असतात, वायरलेस असतो, उपग्रहाला हाक देणारं यंत्र असतं. दादाच्या वेळेला फळीखाली नुसतं पाणी होतं." आणि थोड्या वेळाने, "जाऊन ये."

मी गेलो. विमान सुटताना हवाई सुंदरीने जाकीट दाखवले, तेव्हा साऱ्या रांगेत तिच्याकडे पाहणारा मी एकटा होतो. बिचारी थोडी गोंधळली. नंतर समोरच्या पडद्यावर निळ्या नकाशातून छोटे विमान सरकत राहिले. विषुववृत्तापाशी मी खिडकीतून खाली पाहिले. ढग, आणि त्यांच्या फटींतून पाणी. याच पाण्यावरून १८३४नंतर कोकणातले आणि देशावरचे मराठी लोक गिरमिटावर मॉरिशसला गेले, तेव्हा त्यांना कित्येक आठवडे लागले. मागे राहिलेल्यांना कोणी दर पंधरा मिनिटांनी काही कळवत नव्हते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ज्या दगडी पायऱ्या चढून ते आत आले, त्या आजही आहेत. २००६ साली ते स्थळ जागतिक वारशात गेले. त्या पायऱ्यांशी उभा राहून मी व्याख्यानात बोलायचे ठरवलेले निम्मे विसरलो. पण मुंबईपासून सहा-सात पिढ्या दूर गेलेली ती माणसे घरी गणपती बसवतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते, हे पाहिले. म्हणजे त्यांची हाक कुणाला तरी ऐकू गेली होती.

परत आलो तेव्हा पहाट होत होती. कोळगावच्या घरात दिवा जळत होता. आई दारातच बसलेली. "कसं झालं व्याख्यान?" असे तिने विचारले नाही.

"जाकीट होतं का खुर्चीखाली?"

"होतं."

"हात लावून बघितलंस?"

"जाताना बघितलं, आणि येतानाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि दिवा मालवून चहा ठेवायला आत गेली.